रुग्ण ठीक आहेत का?

ज्यांना सारखी चक्कर येते आणि ज्यांचे सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझेही सगळे नॉर्मलच आले होते. आज माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा लहान एक डबी आहे. माझं हृदय थांबायला लागलं की ती त्याला ढोसते आणि कामाला लावते. ही डबी बसायच्या आधी मी एका चांगल्या हॉस्पिटलात, चांगल्या माणसांच्या आणि महागड्या यंत्रांच्या गराड्यात, मरता मरता वाचले. कुणाचं माझ्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून नाही. माझी काळजी करणारी माणसं जरा जास्तच होती, म्हणून.

मी एसटीत कंडक्टर आहे. नाशिक–त्र्यंबक हा माझा नेहमीचा रस्ता. या रस्त्यावर देवाला निघालेले, देवाहून परतलेले आणि देवाच्या नावावर पोट भरणारे, सगळे एकाच गाडीत असतात. त्यांना सुट्या पैशांवरून गप्प करायचं, पुढे सरकवायचं, म्हाताऱ्यांना जागा द्यायला लावायची, हे बारीक आवाजाच्या बाईचं काम नाही. माझा आवाज मोठा आहे आणि जीभ त्याहून. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कुणाकुणाला काय काय बोलले ते वाचून धक्का बसायला नको.

कांदा

पहिल्यांदा पडले ती गाडीतच. एका कुटुंबाची तिकिटं फाडत होते, म्हणजे मशीनमधून काढत होते, आणि एकदम आवाज बंद झाले. डोळे उघडले तेव्हा मी गाडीच्या मधल्या वाटेत आडवी होते आणि एक बाई माझ्या नाकाला फोडलेला कांदा लावत होती. मी उठून आधी तिकिटाचं मशीन शोधलं. मग तिला म्हटलं, "पुरे आता, भाजी करायचीय का माझी?" गाडीतले लोक हसले. मीही हसले. पण पुढचा सगळा रस्ता मी मशीन घट्ट धरून बसले.

मग डॉक्टर सुरू झाले. एकाने पित्त सांगितलं. दुसऱ्याने "या वयात होतं" असं म्हणून हात झटकले. तिसऱ्याने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं आणि वर इतका गंभीर चेहरा केला की मला टेन्शनच आलं. प्रत्येकाने कार्डिओग्राम काढला आणि प्रत्येकाचा कार्डिओग्राम नॉर्मल आला.

माझे मिस्टर विलास अंबडच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहेत. त्यांचं एकच पालुपद, "तू वेळेवर जेवत नाहीस." एके दिवशी मी आमच्या इंदिरानगरच्या घरात, चालू गॅससमोर पडले. माझ्या ओढणीचं टोक शेगडीच्या कडेला लागून काळं झालं होतं. ते टोक पाहिल्यापासून विलास जेवणावर बोलायचे बंद झाले.

पकडायचं कसं

ज्या हॉस्पिटलात दाखल झाले तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान. फार गोडगोड न बोलता म्हणाल्या, "दोनच शक्यता आहेत. साधी चक्कर असेल, तर औषधाशिवायही बरी होईल. नाहीतर तुमचं हृदय मधेच थांबतंय आणि पुन्हा चालू होतंय. तसं असेल तर पेसमेकर बसवावा लागेल, कारण एखाद्या वेळी ते पुन्हा चालू होणार नाही."

"मग बसवून टाका."

"नुसत्या शंकेवर नाही बसवत. ते थांबताना आम्हाला दिसलं पाहिजे."

म्हणजे मला पुन्हा चक्कर यायला हवी होती, आणि ती यंत्रासमोर यायला हवी होती. देवाकडे काय मागावं ते कळेना.

मनीषा सिस्टरांनी माझ्या छातीवर एक पट्टी चिकटवली. तिला ना वायर, ना पट्टा. ती हृदयाचा प्रत्येक ठोका वायफायवरून वॉर्डाच्या कॉम्प्युटरला कळवायची. मी पलंगावरून उठले की पलंगही कळवायचा. रक्तदाब बघायला पहाटे कुणी उठवत नव्हतं. वायरींचं लटांबर न सांभाळता मी खिडकीपर्यंत जाऊ शकत होते. मनीषा सिस्टर म्हणायच्या, "ताई, पूर्वी आमचा अर्धा वेळ आकडे उतरवण्यात जायचा. आता पेशंटचं तोंड बघायला मिळतं." त्यांनी माझी वेणीही घालून दिली एकदा. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी यंत्रांना शिव्या देऊ नयेत.

इशाऱ्यांची पद्धत अशी होती. ठोका फारच वेळ थांबला तर लाल इशारा, तो थेट सिस्टरच्या मोबाईलवर. थोडीशी गडबड झाली तर पिवळा, आणि हा पिवळा आधी नातेवाइकाच्या मोबाईलवर. कारण कूस बदलली, घाम आला, की पट्टी सैल व्हायची आणि पिवळे इशारे उगाचच यायचे. तेव्हा जवळ बसलेल्या माणसाला मोबाईलच मराठीत विचारायचा, "रुग्ण ठीक आहेत का?" खाली हिरवं बटण 'हो', लाल बटण 'नाही'. 'नाही' दाबलं किंवा कुणी काहीच दाबलं नाही, तर सिस्टरला निरोप. 'हो' दाबलं तर पट्टी सैल झाली होती असं समजून प्रकरण बंद.

जवळ बसलेला माणूस म्हणजे विलास. त्यांना ॲप मिळालं, पासवर्ड मिळाला. कारखान्यात यंत्रांशीच संसार असल्यामुळे ते खूश झाले.

माझा ठोका, सर्वांचा ठोका

दुसऱ्याच दिवसापासून विलासना फोनचा पाऊस. माझी नणंद, जाऊबाई, मावशी, दिंडोरीकडच्या गावात राहणारा माझा भाऊ बाळू. कशी आहे, काय खाल्लं, डॉक्टर काय म्हणाले. एकच गोष्ट सांगून सांगून विलासचा घसा बसला. मग त्यांनी डोकं चालवलं आणि ॲपचं नाव आणि पासवर्ड आमच्या परिवाराच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, "आता प्रत्येकाने स्वतःच बघा."

आपल्याकडे पासवर्ड ही गुपित ठेवायची गोष्ट नसतेच. घराच्या किल्लीसारखी ती शेजारी ठेवलेली असते.

झालं. माझ्या हृदयावर सबंध खानदानाचे डोळे लागले. सकाळी फुलांच्या चित्रासोबत निरोप यायचा, "सुप्रभात, नंदाचा ठोका छान आहे." नणंदबाईंनी एकदा विचारलं, "काल दुपारी एकदम वाढला होता, भांडलीस का कुणाशी?" भांडले होते, डाळ थंड आणली म्हणून. आता रागवायचीही चोरी झाली. विलास म्हणाले, "लोकांना काळजी आहे तुझी." मी म्हटलं, "काळजी असू द्या, पण मी काय क्रिकेटची मॅच आहे का?" तरी खरं सांगते, रात्री डोळे मिटताना बरं वाटायचं. इतकी माणसं जागी आहेत असं वाटायचं.

सगळं नॉर्मल

आणि मग तसं व्हायला लागलं. पलंगावर आडवी असताना व्हायचं, म्हणून पडायचा प्रश्न नव्हता. पोटातून एक गरम लाट वर यायची, कानात दडे बसायचे आणि क्षणभर मी नसायचेच. पुन्हा यायचे तेव्हा अंगाला घाम, तोंडाला कोरड.

पहिल्यांदा विलास चहाला गेले होते. आल्यावर सांगितलं तर त्यांनी मोबाईल काढला. "यात काही नाही. इशारा आला होता वाटतं, पण तपासलंय."

सिस्टरनाही सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर बघितला. "ताई, पट्टी हलली होती. ठीक आहे म्हणून तपासलेलं दिसतंय."

'तपासलं' या शब्दाने घात केला. विलासना वाटायचं, सिस्टरनी तपासलं. सिस्टरना वाटायचं, विलासनी तपासलं. आणि मला वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय.

असं तीन-चारदा झालं. प्रत्येक वेळी विलास खाली गेलेले, नाहीतर शेजारी डुलकी काढत असलेले. शेवटी मी त्यांच्यावर उखडले.

"मला होतंय ते मी सांगतेय ना तुम्हाला!"

"अगं पण मशीन काय खोटं बोलतं का?"

"मग मी खोटं बोलते का?"

त्यांनी पुन्हा मोबाईल उघडून बघितला. ते मला फार लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यापेक्षा एका चिकटपट्टीवर जास्त विश्वास ठेवला होता.

राउंडला आलेल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या की इतके दिवस बघून काहीच सापडलं नाही, उद्या घरी सोडते. एका मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठीही देते, त्यात वाईट वाटून घेऊ नका. मी मान हलवली. त्या गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडले. वेड लागलंय म्हणाले असते तरी चाललं असतं. पण घरी जायचं, पुन्हा खाकी घालायची, चालत्या गाडीच्या दारात उभं राहून घंटीची दोरी ओढायची, आणि तिथे ती लाट आली तर? मी मेले तर मेले, पण गॅससमोर पडले आणि घर पेटलं तर? मला माझ्या शरीराची भीती वाटत होती आणि ती खरी आहे हे मानायला कुणी तयार नव्हतं.

आपोआप हिरवं

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास पिशवी भरत होते. मोबाईल त्यांच्या हातातच होता, रिक्षा बोलवायची म्हणून. मी पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होते. लाट आली. कंगवा खाली पडलेला मला ऐकू आला नाही.

पुढचं विलासनी नंतर सांगितलं. मोबाईल पिवळा झाला आणि विचारू लागला, "रुग्ण ठीक आहेत का?" त्यांनी वर बघितलं. मी उशीवर कलंडले होते, डोळे अर्धे उघडे, चेहरा पांढरा फटक. त्यांचं बोट लाल बटणाकडे गेलं आणि पोचायच्या आत स्क्रीन आपोआप हिरवी झाली. "तपासले. धन्यवाद."

त्यांनी हातच लावला नव्हता.

मला शुद्ध आली ती त्यांच्या ओरडण्याने. मनीषा सिस्टर धावत आल्या. तोवर माझं हृदय सज्जनासारखं चालायला लागलं होतं. पण विलास मोबाईल नाचवत होते, "सिस्टर, हे कोणी दाबलं? मी नाही दाबलं! ही माझ्यासमोर पडलीय आणि कुणीतरी म्हणतंय ठीक आहे!"

मॅडम आल्या. बाजूला टाकलेले सगळे पिवळे इशारे त्यांनी एकेक करून उघडले आणि ठोक्यांच्या रेघा बघायला लागल्या. मी त्यांचा चेहरा बघत होते. माणसाचा चेहरा वाचणं हेच माझं काम आहे, तिकीट न काढलेला मी लांबून ओळखते. त्यांचा रंग उतरत गेला.

"पट्टी कधीच सैल नव्हती," त्या म्हणाल्या. "थांबत होतं. आणि थांबण्याचा वेळ वाढत चाललाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सॉरी. तुम्ही सांगत होतात ते खरं होतं."

मॅडमनी ठरवलं, पेसमेकर आजच, तयारी झाली की लगेच. तोवर मला एकटं सोडायचं नाही. आणि पिवळा इशाराही थेट सिस्टरकडे वळवायचा. पण ते बदल करणारा यंत्रवाल्या कंपनीचा माणूस बाहेर होता, त्याला यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत इतर सगळ्यांच्या मोबाईलवरून ॲप काढून टाका, असं मॅडमनी बजावलं.

मला काय वाटलं सांगू? मरायची भीती होतीच, पण तिच्याआधी आनंद झाला. मी वेडी नव्हते.

कोण?

विलासनी ग्रुपवर लिहिलं, "नंदाच्या ॲपवर हिरवं बटण कोण दाबतंय? खरं सांगा." ग्रुपवर इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती. मग नणंदबाईंनी फक्त जोडलेले हात पाठवले.

माझा फोन वाजला. आई होती, ती गावाला बाळूकडेच राहते. द्राक्षाची छाटणी चालू असल्यामुळे बाळूला मला बघायला येता येत नव्हतं आणि आईचा जीव वरखाली होत होता, म्हणून वहिनीने आईच्या मोबाईलवर ते ॲप घालून दिलं होतं. आईला बारीक अक्षर वाचता येत नाही, पण हे ॲप बोलायचं.

"नंदे, कोन काय म्हनतंय गं? बटन मीच दाबते ना."

"आई! तू?"

"मंग? ती बाई इचारती, पेशंट ठीक हाय का. लगोलग दाबते मी हिरवं. येक डाव चुकवलं नाय बघ. भाकरी करत असले तरी हात पुसून दाबते."

"अगं आई, तुला कसं कळणार मी ठीक आहे का ते? तू तिकडे, मी इकडे!"

ती हळूच म्हणाली, "नाय कळत. पन मंग काय नाय म्हनू? माझ्या तोंडानं? माझ्या लेकराला? वास्तू तथास्तु म्हनत असती, बाई."

या घरात मी वाढले. आमच्याकडे तांदूळ कधी संपले नाहीत, 'आणायला झाले'. बांगडी फुटली नाही, 'वाढवली'. शाळेलाही 'जाते' म्हणायची सोय नव्हती, 'येते' म्हणायचं. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा येणारा जाणारा विचारायचा, कसं आहे? आई शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली, बरं हाय. तिच्या लेखी ते खोटं नव्हतं. ते तिचं औषध होतं, आणि तेच ती मला लांबून, दर इशाऱ्याला, न चुकता देत होती.

तिला हे सगळं समजावून सांगणं मला जमलं नसतं. विलासनी फोन घेतला आणि सांगून टाकलं की प्रत्येक वेळी तुम्ही हो म्हणालात, म्हणून कुणी तिला बघायला आलं नाही. मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला, पण फोन कट झाला होता.

नाही

दुपारी आई आली. बाळूने छाटणी टाकून तिला मोटारसायकलवर आणलं आणि तो खाली गाडी लावत होता. ती दारातच थांबली. आत येईना.

"ये ना आई."

आली, स्टुलावर बसली, पण टेकून नाही. माझ्या पायाला हात लावून नुसती बसली. डोळे रडून सुजले होते. मी म्हटलं, "तू चांगल्यासाठीच केलंस." तिने माझ्या पायावरची चादर सारखी केली.

तेवढ्यात संमतीच्या कागदांवर सही करायला विलासना खाली बोलावलं. मनीषा सिस्टर समोरच्याच पेशंटला सलाइन लावत होत्या, त्या म्हणाल्या, जा, मी आहे. विलासनी मोबाईल माझ्या पलंगावर ठेवला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उचलून बरोबर न्यायला लागले.

"राहू द्या," मी म्हटलं.

"नंदा, अगं..."

"राहू द्या म्हटलं ना. आई आहे."

ते गेले. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. मोबाईलपासून शक्य तितकी लांब सरकून बसली, जणू तो तापलेला तवा होता. मी तिला म्हटलं, "आई, त्याने विचारलं तर जे डोळ्याला दिसेल ते सांग. दुसरं काही नको."

"मला नगं सांगू," ती म्हणाली. "माझा हात नाय लागायचा त्याला आता."

मला तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. लाट आली. ही नेहमीची नव्हती, हे पहिल्या क्षणीच कळलं. नेहमी ती वर येऊन फुटायची. ही वर येतच राहिली. दडे बसायच्या आत त्या मोबाईलचा गोड आवाज ऐकू आला, "रुग्ण ठीक आहेत का?" आणि समोर आईचा चेहरा. तिचे ओठ हलत होते पण आवाज निघत नव्हता. मी तिला म्हणत होते, आई, नाही म्हण. म्हणजे म्हणायचा प्रयत्न करत होते. माझाही आवाज निघत नव्हता.

मग माझ्या आईचा आवाज मी ऐकला. शेतात पलीकडच्या बांधावर हाक मारायची तो आवाज.

"नाय! नाय ठीक! माझी लेक ठीक नाय! सिस्टर, पळा, माझी लेक मरती!"

लाल इशारा वाजला तो त्यानंतर, असं मनीषा सिस्टर सांगतात. तोवर त्या माझ्या छातीवर दोन्ही हात देऊन दाबायला लागल्या होत्या. त्या थोड्याशा वेळामुळे मी आहे, असं मॅडमचं म्हणणं.

मी परत आले तेव्हा छाती ठेचल्यासारखी दुखत होती. पलंगाभोवती माणसंच माणसं, कुणीतरी माझं नाव विचारत होतं, मॅडम ओरडून काहीतरी मागत होत्या. ऑपरेशनला न्यायची गाडी लागली होती. पायाशी आई. तिच्या हातात मोबाईल इतका घट्ट धरलेला की विलासना तो सोडवता येत नव्हता, आणि तिचा अंगठा अजून लाल बटणावर होता.

मनीषा सिस्टरांनी घाम पुसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, आता सोडा ते. आली ती परत. ठीक आहे आता."

आईने माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"नाय," ती म्हणाली. "पुन्यांदा बघा."